मडमेची किटली आणि आक्कांचं देवक

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. फोनवर गणपत होता, वैशाखऱ्याहून. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण आणि गणपत त्यांचा सावत्र मुलगा. पण 'सावत्र' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारलेला मी कधी ऐकला नाही. "मामी, आई गेली... सकाळी चुलीपाशी बसली ती बसलीच," एवढं बोलून त्यानं नाक ओढलं. मग म्हणाला, "आन ती किटली तुमालाच द्यायची, असं कवाचं सांगून ठेवलंय तिनं. दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायचा नाय." माणूस गेल्याच्या बातमीत किटली कशी आली, असं कुणालाही वाटेल. मला मात्र तेव्हाच हुंदका आला. तोवर मी कैरीची फोड हातात धरून नुसती उभी होते.

त्या किटलीची आणि माझी ओळख लग्नाच्या दिवशीची. त्या काळी मी मॅट्रिक झालेली, म्हणजे आमच्या गावात तरी पंडिताच. मध्यस्थ घरी आला आणि म्हणाला, "पोरगा शहापूरच्या बंगल्यावरच्यांचा." बस्स! पुढचं मी काही ऐकलंच नाही. आरशासमोर उभी राहून बंगल्यात शोभेल असं हसण्याचा सराव करू लागले. वरात आसनगावच्या अलीकडे एका बुटक्या कौलारू घरापाशी थांबली, तेव्हा मला वाटलं बैल दमले असतील, बंगला पुढे असेल. माप ओलांडून आत गेले, तरी डोळे इकडे तिकडे फिरतच होते. आक्का शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "काय शोधतंस गो?"

"जिना," मी म्हटलं.

आक्का इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं ओवाळणीचं तबक कलंडलं. मग मला स्वयंपाकघरात नेऊन फळीवरची एक चिनीमातीची किटली दाखवली. पांढरी, पोटावर निळा पक्षी, तोटी अर्ध्यात तुटलेली. आत मीठ भरलेलं. "बंगला नाय गो बाय, बंगल्याची किटली हाय. आमची पणजी एका मडमेच्या बंगल्यावर आया होती, म्हनून आमी बंगल्यावरचे. आता रड नायतर हस." मी रडले. वय ते वय, अक्कल ती अक्कल.

मिठाची किटली ज्येष्ठात आणखी एका कामाला यायची. जांभळं सुरू झाली की आक्का माहेरी येत. ओंजळभर जांभळं किटलीत टाकायची, झाकण दाबून खडखडखड हलवायची आणि खारवलेलं एकेक जांभूळ तोंडात टाकत ओट्यावर बसायचं. बिया परसात थुंकायच्या, त्याही नेम धरून. मोठी माणसं ओरडली की निळीजांभळी जीभ काढून दाखवायची. लग्न झालेली, विधवा झालेली, शेती एकटीनं ओढणारी ही बाई जांभळाच्या दिवसांत आठ वर्षांची व्हायची.

पण या घराला एक खोट होती आणि ती आक्कांच्या जिव्हारी लागलेली होती. आमच्याकडं लग्नात देवक बसवतात. ज्या त्या कुळाचं एक झाड असतं. कुणाचं कळंब, कुणाचं उंबर, कुणाचं आणखी काही. लग्नाआधी त्याचा डहाळा वाजतगाजत आणून मांडवात पुजायचा. त्या झाडाची फांदी एरवी मोडायची नाही, लाकूड चुलीत घालायचं नाही, फळ खायचं नाही. आणि ज्यांचं देवक एक ती भावकी, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमच्या घराला आपलं झाडच ठाऊक नव्हतं. पणजी, तिचं नाव ठकी, तान्हं मूल कडेवर घेऊन कुठूनशी एकटी आली आणि मडमेच्या दारात राहिली. तो मुलगा मोठा झाला, लग्न झालं, त्याला मूल झालं आणि तो तापानं गेला. पाठोपाठ त्याची बायको, मग ठकीही. नातू, म्हणजे माझे सासरे, तेव्हा पाळण्यात. शेजाऱ्यांनी ते मूल आणि किटली उचलून खाली शहापूरला आणली. मूळ गाव कुठलं, झाड कुठलं, हे सांगणारं कुणी उरलंच नाही. तेव्हापासून घरच्या लग्नात पाच झाडांचे पाच डहाळे आणायचे. पंचपालवी हे काही कुळांचं खरंखुरं देवक असतंच. आमचं मात्र दुसरं ठाऊक नाही म्हणून. लोक ओळखून असायचे. मागून म्हणायचे, "पाचपानी."

आक्कांचं लग्न आधी ठरलं होतं मुरबाडकडच्या एका मुलाशी. मुलगा दोनदा घरी येऊन गेला होता, दुसऱ्यांदा उगाचच. सुपारी फुटायच्या बैठकीत त्यांच्याकडच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "देवक?" सासरे म्हणाले, "पंचपालवी." म्हातारा म्हणाला, "ज्यांचं असतं त्यांचं असतं. उद्या आपली भावकी निघाली तर पाप कुनी घ्यायचं?" आणि उठला. पुढच्या वर्षी आक्का वैशाखऱ्याच्या एका बिजवराला दिल्या. माणूस देवासारखा होता, पण त्यांच्या दुप्पट वयाचा आणि लवकर गेला. आक्का हे सगळं हसत सांगायच्या. "त्या म्हाताऱ्याला पाच झाडं पुरली नाय गो, त्याला एकच पायजे होतं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे फोर्टातल्या एका वकिलांच्या कचेरीत कारकून. कचेरी नव्या जागी न्यायची म्हणून जुन्या दप्तरांची गाठोडी सोडून बघायचं काम यांच्याकडं आलं. एका संध्याकाळी घरी आले ते चपला न काढताच आत. हातात झेरॉक्स. "शहापूर तालुक्यातल्या एका मडमेचं मृत्युपत्र हाय. आन यात ठकी हाय."

मी हातातलं पीठ तसंच ठेवून कागद हिसकावला. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, असा माझा समज. यांना इंग्रजी कागद वाचण्याचाच पगार मिळत होता ही बारीकशी गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नाही. शब्दकोश घेऊन बसले. पहिल्या पानावरच एक शब्द सापडला, त्याचा अर्थ 'मृत्युपत्रानं मागे ठेवणे'. झालं! माझ्या डोक्यात बंगला उभा राहिला. आधीचा हुकलेला, जिन्यासकट. दुसरं पान उघडायच्या आत शेजारणीला सांगून आले की विलायतेतून आमचं काहीतरी येणं आहे. बेचाळीस वर्षांची घोडी मी! तिनं विचारलं, "मग आता म्हैस इकणार का तुमी?" मी म्हटलं, बघू.

हे शांतपणे जेवले आणि मग वाचून दाखवलं. मडम एका रेल्वे इंजिनियरची विधवा. नवरा घाटातल्या कामावर तापानं गेला, इथंच पुरला. ती परत गेली नाही. मृत्युपत्रात पैसाअडका, दागिने सगळं तिकडच्या भाच्यांना. ठकीच्या वाट्याला तीन गोष्टी. एक दुभती गाय. एक निळ्या पक्ष्याची किटली, 'जिची तोटी तिच्या हातून तुटली आणि त्यावरून मी तिला गरजेपेक्षा जास्त बोलले.' आणि तिसरं म्हणजे एक झाड. 'विहिरीजवळचं झाड, जे तिच्या घराण्याला पूज्य आहे, ज्याचं लाकूड तिनं माझ्या स्वयंपाकघरात कधी जळू दिलं नाही आणि ज्याची एकच फांदी तिनं मोडली, मुलाच्या लग्नात. ते झाड, तिचं कुणीही जवळपास राहत असेतो, तोडू नये.'

आम्ही दोघं फळीवरच्या किटलीकडं बघत बसलो. हे म्हणाले, "गाय मिळायला हरकत नाय तुला. फक्त दूध देणार नाय आता."

झाडाचं नाव मात्र कुठंच नव्हतं. मडमेनं 'विहिरीजवळचं झाड' एवढंच लिहिलेलं. तिला काय कल्पना, की त्या एका नावासाठी इकडं एका मुलीची सुपारी मोडणार होती!

आक्कांना निरोप गेला. त्या मिळेल त्या एसटीनं आल्या. मी मृत्युपत्र मराठीतून वाचायचं, त्यांनी ऐकायचं, असं पुन्हा पुन्हा चाललं. त्यांना प्रश्नही कसले पडायचे! "मडम मराठी बोलायची का गो? नायतर ठकीला बोलनं कळलं कसं?" मग, "तिचा नवरा हितं पुरला म्हनून ती राह्यली. ठकीचा कुठं गेला असंल?" आणि एकदा, "दोन रांडाव बाया एका छपराखाली... संध्याकाळी चहा कोनी कोनाला करून दिला असंल?" ते काही शब्दकोशात नव्हतं. पण तोटीबद्दल ज्या बाईनं मरताना माफी मागितली, तिनं एखाद दिवस केला असेल चहा, असं मला आपलं वाटतं.

आता झाड शोधायचं, असं आक्कांनी जाहीर केलं आणि मी शब्दकोश मिटला. कारण नेमकं त्याच वर्षी आमच्या लेकीचं, सुनंदाचं मुरबाडला जमलं होतं. मुलगा चांगला, सुनंदाच्या मनातला. त्यांचं देवक कळंब. आमचं विचारलं तेव्हा आम्ही नेहमीचं सांगितलं, पंचपालवी. मुलाच्या आजीनं ओठ मुरडले, पण काळ बदललेला, चालवून घेतलं. आणि आता आक्का निघालेल्या खरं काय ते शोधायला! ते झाड कळंबाचं निघालं तर मुलाचं कूळ आणि आमचं कूळ एक, भावकी, लग्न मोडलं.

"आक्का, लगीन होऊ द्या. मग शोधू," मी म्हटलं.

"लगीन झाल्यावर कळंब निघालं, तर?"

"तर कुनाला सांगायचं नाय."

"तुला झोप येईल?"

"मला येईल," मी खरं तेच सांगितलं. माझी झोप मुळात चांगली.

आक्कांनी सुनंदाला हाक मारली. "तू सांग गो. जाऊ का नको?" सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली. मग म्हणाली, "जा आत्या. तुमचं मोडलं तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं म्हनून मोडलं. माजं मोडायचं तर ठाऊक होऊन मोडू दे." मला वाटलं, ही मुलगी माझ्या पोटी जन्मली खरी, पण निपजली आक्कांची.

फाल्गुनात आम्ही दोघी निघालो. एसटीनं खर्डीपर्यंत, पुढं पायी, उंबरमाळीच्या अंगाला. वाटेत मी माझं शहाणपण पाजळत होते. उंबरमाळी नाव, म्हणजे उंबरच असणार, विहिरीला उंबर असतोच, काही काळजी नाही. आक्का भराभर पुढं चालत होत्या. विचारत विचारत ती टेकडी सापडली. बंगला कसला? जोत्याचे चार दगड, बाकीचे खालच्या वाडीतल्या घरांच्या भिंतींत गेलेले. विहीर मात्र होती, बांधीव, तळाशी हिरवं पाणी. आणि तिच्या काठाला... खोड. जमिनीलगत तोडलेलं, जुनं, रुंद. मडमेच्या शब्दाला मडम मेल्यावर कोण विचारतो?

पण त्या खोडाभोवती धुमारे फुटलेले होते, पुरुषभर उंचीचे, कोवळ्या पानांचे. माझे पाय जागीच थांबले. लांबून मला ते कळंबच दिसलं. आयुष्यात कळंब मी नीट पाहिलेलं नव्हतं, तरी दिसलं! "चला मागं," मी म्हटलं, "आपन आलोच नाय हितं." आक्का पुढं गेल्या. हात जोडले. एक पान खुडताना जरा थांबल्या, मग खुडलंच. तळहातावर चुरगाळून नाकाशी नेलं. आणि तशाच मटकन खोडावर बसल्या. पाठीवरून कळेना, हसतायत की रडतायत.

खालून एक बाई शेळ्या घेऊन वर येत होती. मी ओरडून विचारलं, "बाय गो, ह्ये झाड कसलं?"

"जांभूळ की! दुसरं काय! माज्या शेळ्या त्याला वर येऊ देत नाय, पयले येवडं मोठं व्हतं म्हनं."

जांभूळ! कळंब नाही! सुनंदाचं लग्न वाचलं! मी आनंदानं आक्कांचा दंड धरला, तर त्यांच्या डोळ्यांतून धारा आणि तोंडानं हसू. "अगो, मी सारा जनम माज्या देवकाला खाल्लं... मीठ लावून खाल्लं गो! ठकीच्या किटलीत घालून खाल्लं!" शेळ्यांवाली बाई आमच्याकडं वेड्या बायांकडं बघावं तशी बघत उभी राहिली. मीही हसायला लागले. मग त्या खोडावर आम्ही दोघी इतका वेळ हसलो की शेळ्या आमच्या पाठीमागून आमचं कुळाचं झाड खाऊन गेल्या.

लग्नात देवकाला याच धुमाऱ्याचा डहाळा आला, ओल्या फडक्यात गुंडाळून, आक्कांच्या मांडीवरून. मुलाच्या आजीनं मांडवात येऊन विचारलं, "कुठली पाच पानं आनलीत?" आक्का सरळ उभ्या राहिल्या. त्या इतक्या उंच होत्या हे मला त्या दिवशी कळलं. "पाच नाय, एकच. जांभूळ. मडमेच्या मृत्युपत्रात लिवलंय. विंग्रजीतून ऐकायचं का मराठीतून?" मृत्युपत्रात जांभळाचं नाव नव्हतं, ते आम्ही टेकडीवरून आणलेलं, पण मांडवात वकील नव्हता. आजीबाईंनी डहाळ्याला हळद लावली. तो डहाळा उतरेपर्यंत आक्का मांडवातून हलल्या नाहीत. किटली मी त्याच दिवशी त्यांच्या पदरात घातली. झाड ज्यानं शोधलं त्याची किटली.

पुढच्या ज्येष्ठात आजीबाईंनी आमच्याकडं मुद्दाम जांभळांची पाटी पाठवली. परीक्षाच ती. आक्का ओट्यावर होत्या. पाटीकडं बघितलं, टपोरी, काळीभोर, नुकती उतरवलेली. आवंढा गिळला. आणि भरल्या घरासमोर म्हणाल्या, "परत न्या. आमी खात नाय. आमचं देवक." काय तो थाट! सोडायला काहीतरी असणं ही केवढी श्रीमंती असते, हे मी त्यांच्या तोंडाकडं बघून शिकले. त्यानंतर मुरबाडच्या बाजारातून जांभळांच्या पाट्यांसमोरून त्या मान वर करून चालत, विकणारीनं हाक मारावी म्हणून जरा रेंगाळत आणि हाक आली की तेच वाक्य.

आता गंमत अशी की, लग्न झालं की बाईचं देवक बदलतं. आक्कांचं देवक वैशाखऱ्याचं. त्यांना जांभूळ सोडायची काडीची गरज नव्हती. सोडायचं होतं ते मी! मी या कुळात आलेली. हे आक्कांनीच मला सांगितलं, बोट नाचवून. "तुजं खानं बंद. मी आपली माहेरच्या मायेनं पाळते." झालं, मीही सोडली. इतकी वर्षं बाजारात तोंड आवळून फिरले.

पण मला एक शंका होती. आक्का एरवी कधी पान खात नसत. ज्येष्ठ लागला की मात्र पान सुरू. लाल तोंड, लाल जीभ. आषाढात पान बंद. एकदा मी न राहवून म्हटलं, "आक्का, जीभ दाखवा बघू."

"का गो? तू काय डाक्तरीन हायस?"

"दाखवा तर."

"सासूची जीभ बघ जाऊन," त्या म्हणाल्या. माझी सासू म्हणजे त्यांचीच आई, जाऊन कैक वर्षं झालेली. तो विषय तिथंच मिटला.

तेराव्यानंतर गणपतनं किटली आणून दिली. टॉवेलात गुंडाळलेली, जड, काठोकाठ मिठानं भरलेली. फळीवर पूर्वीच्या जागी ठेवली आणि संध्याकाळी आमटीला मीठ हवं म्हणून झाकण काढलं. वर पांढरंशुभ्र मीठ. चमचा खोल घातला, तर खाली जांभळं! जांभळं म्हणजे रंगानं जांभळं. मग थोडं पांढरं, मग पुन्हा जांभळं, मग फिकट, मग गडद. दर वर्षी खडखडखड हलवलेलं, पावसाळ्यात ओल धरून घट्ट बसलेलं, दर वर्षी वरून पांढरं मीठ ओतून झाकलेलं. अगदी तळाशी एक बी, सुकून खडा झालेली.

मी चूल बारीक केली आणि परसदारी जाऊन बसले. तिथं आक्कांनी कधीतरी नेम धरून थुंकलेल्या एका बीचं झाड आहे, आता कौलांच्या वर गेलेलं. पुढंमागं घरात लग्न निघालं की डहाळ्यासाठी टेकडी चढायला नको. पावसानं खाली जांभळांचा सडा पडला होता, पाय ठेवायला जागा नव्हती. मी एकालाही हात लावला नाही. किटली मांडीवर घेतली, चिमूटभर जांभळं मीठ जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

मी मीठच खाल्लं, आक्का. जांभूळ नाही. कुणी विचारलं तर जीभ दाखवीन.